पाच व्होल्टांची साक्ष

पंखा पाचावर ठेवला तरी वारा लागत नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियन फार डोकं लावत नाही. कंडेन्सर बदलतो, आणि बहुतेक वेळा पंखा पळू लागतो. छताच्या पंख्यात सहसा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. त्याच्या आतल्या प्लॅस्टिक फिल्मवरचा धातूचा थर व्होल्टेजच्या झटक्यांनी ठिकठिकाणी जळत जातो आणि कपॅसिटी उतरत जाते. मल्टिमीटरचा बझर मात्र ‘शॉर्ट नाही’ एवढंच सांगतो. पूर्ण मेलेला पार्ट चटकन सापडतो. दुरुस्तीत छळतात ते असे अर्धमेले.

त्यांच्यासाठी कंपोनंट टेस्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा छोटासा बोर्ड; त्यावर डिस्प्ले, एक बटण आणि खटका दाबून पार्ट पकडणारं सॉकेट. बाजारातल्या अशा बहुतेक टेस्टरांचं मूळ मार्कुस फ्रेयेक या जर्मन हौशी माणसाच्या डिझाइनमध्ये आहे. कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी ते पुढे वाढवलं. सर्किट आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुली असल्यामुळे चिनी कारखान्यांनी त्याच्या असंख्य नकला काढल्या.

आतली युक्ती अगदी साधी आहे. टेस्टरला तीन टोकं असतात. प्रत्येक टोक एटीमेगा मायक्रोकंट्रोलरच्या व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला थेट, आणि ६८० ओहम व ४७० किलोओहम अशा दोन रेझिस्टन्समधून आणखी दोन पिनांना जोडलेलं असतं. कोणत्याही टोकाला पाच व्होल्ट द्यायचे, शून्य द्यायचं की ते मोकळं सोडायचं, हे सॉफ्टवेअर ठरवतं. तिन्ही टोकांच्या सगळ्या जोड्या उलटसुलट करून ते बघतं आणि करंट कुठून कुठे वाहतो यावरून डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट ओळखतं. कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, असेल तर किती वेळात किती व्होल्ट चढले, त्यावरून हिशेब करतं.

याचा पहिला फायदा पाय ओळखण्यात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही सारखेच. एकाच्या जागी दुसरा तसाच ठोकला, तर ‘नवा टाकूनही चालत नाही’ ही तक्रार ठरलेली. टेस्टर कोणत्या टोकाला कोणता पाय आहे ते सांगतो, शिवाय गेनही दाखवतो.

दुसरा फायदा ईएसआर, म्हणजे कपॅसिटरच्या आतला रेझिस्टन्स. सेट टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरमधला १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक घ्या. उष्णतेने आतला द्रव सुकत जातो. मोजला तर कपॅसिटी ८५० भरते, ठीकच वाटते. पण ईएसआर दोन ओहम निघतो. चांगल्या कपॅसिटरचा तो एका ओहमचाही लहानसा अंश असतो. दोन ओहमांतून एक अँपिअरचा रिपल करंट गेला, की दोन व्होल्टांची लहर उठते आणि दोन वॅट उष्णता कपॅसिटरच्या पोटातच तयार होते. तो आणखी सुकतो, मग फुगतो. फुगायच्या आधीच त्याला पकडायचं, तर ईएसआर बघायलाच हवा.

आता मर्यादा. टेस्टरजवळ आहेत फक्त पाच व्होल्ट, आणि ६८० ओहममधून जेमतेम सात मिलिअँपिअर. एवढ्या करंटवर मोठा ट्रायक चालूच राहत नाही, म्हणून चांगला असूनही तो ओळखू येत नाही. पाच व्होल्टांच्या वरचा झेनर साधा डायोड म्हणून दिसतो. नकली २एन ३०५५ लावला, तर ट्रान्झिस्टर आहे एवढं खरं सांगतो. आतली चिप लहान आहे आणि ती मोठ्या करंटला टिकणार नाही, हे त्याला कळणं शक्य नाही. पार्ट सर्किटमध्ये असतानाही मोजू नये, शेजारचे पार्ट रीडिंग बिघडवतात.

आणि एक सक्त ताकीद. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. तो होल्डरमधल्या बल्बमधून आधी उतरवा, मल्टिमीटरवर शून्य आल्याची खात्री करा, मगच हात लावा. टेस्टरची टोकं थेट मायक्रोकंट्रोलरला जातात. चार्ज असलेला कपॅसिटर त्याला जागच्या जागी मारतो.

घरी काही बांधायचं तर सुरुवात झेनर टेस्टरपासून करावी. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे सत्तावीस व्होल्ट, पुढे ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स, मग झेनर, त्याची पट्टीची बाजू प्लसकडे. झेनरवर मल्टिमीटर लावला, की बारा व्होल्टचा झेनर बाराच्या आसपास दाखवतो आणि त्यातून तीन मिलिअँपिअर वाहतात. उलटा लागला तर ०.७ दिसतं. टेस्टरची एक उणीव एवढ्यावर भरून निघते.

मोठा टेस्टर बांधायचा तर एटीमेगा ३२८, डिस्प्ले, ७८०५ आणि ते सहा रेझिस्टन्स असा मुख्य ऐवज लागतो. सहाही एक टक्क्याचे किंवा त्याहून अचूक घ्या, कारण सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो. तयार झाल्यावर तिन्ही टोकं शॉर्ट करून कॅलिब्रेशन करायला विसरू नका. नाहीतर वायरींचा रेझिस्टन्स ईएसआरमध्ये मिसळतो.

बांधलेला असो वा विकतचा, रीडिंग उत्तम आणि तरी सेट बंद असं कधीतरी होणारच. तेव्हा तो पार्ट प्रत्यक्षात किती व्होल्टवर काम करतो ते बघा. पाच व्होल्टांत निर्दोष ठरलेला कपॅसिटर तीनशेवर लीक होऊ शकतो. तिथे टेस्टर बाजूला ठेवून खात्रीचा पार्ट लावून बघणं, हाच उपाय.