नादारी आणि अपघाताची भरपाई



गळीत हंगाम सुरू झाला की करूळ घाटातून उसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि त्याबरोबर अपघातही होतात. घाटाखाली ऊसनोंदीला फिरताना आम्हांला एक बोलणे हमखास ऐकू येते : "साहेब, दावो कित्याक घालूचो? पैशे गावले तरी कर्जवालेच व्हरतले." कोणी म्हणतो, आधी नादारी घेतो, मग बघू. या समजापायी हक्काची भरपाई बुडते. सबब हे चार शब्द.

समजाचे मूळ उघड आहे. उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली परस्पर कापली जाते, तेव्हा भरपाईचेही तसेच होणार असे वाटते. पण भरपाई म्हणजे ऊसबिल नव्हे. मोडलेल्या हातापायाचा आणि बुडालेल्या कमाईचा तो मोबदला आहे. त्याचा कायदा वेगळा आहे.

प्रथम नादारी म्हणजे काय ते पाहू. आपल्या जिल्ह्यात यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. (मुंबईतल्या चाकरमान्यांना १९०९ चा.) २०१६ ची नवी संहिता आली, पण सामान्य माणसाच्या नादारीचा तिचा भाग अद्याप लागू केलेला नाही. माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. नादारीतून मुक्तता होईपर्यंत पुढे जे मिळेल तेही जाते. मात्र दिवाणी कायद्याने जे जप्त होत नाही ते सुटते : शेतकऱ्याचे राहते घर, औतफाटा, गरजेपुरती जनावरे आणि बियाणे. तारणावर घेतलेले कर्ज मात्र नादारीने सुटत नाही, हे विसरू नये.

आता भरपाईकडे वळू. तिच्या तीन अवस्था ध्यानात ठेवाव्यात.

१) दाव्याचा हक्क. नुकसानभरपाईसाठी दावा करण्याचा नुसता हक्क दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्त होत नाही. तो विकताही येत नाही. तेव्हा कर्ज आहे म्हणून दावा न घालणे हा शुद्ध तोटा होय.

२) हुकूम झालेली रक्कम. मोटार अपघातात रक्कम ठरली की तो नुसता हक्क राहत नाही, आणि इथे संरक्षण पातळ होते. नादारी चालू असेल तर वकिलाच्या सल्ल्याने ही गोष्ट न्यायालयापुढे मांडावी. रक्कम मुदतठेवीत ठेवण्याची मागणीही करावी. सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या राज्य परिवहनाच्या एका खटल्यात १९९३ साली अशा ठेवींबद्दल सूचना दिल्या आहेत. त्यांप्रमाणे न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय त्या ठेवीवर कर्ज किंवा उचल मिळत नाही.

३) कामावरची इजा. ऊसतोड मजूर, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर यांना १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने मिळणारी रक्कम सर्वांत सुरक्षित. तिच्या कलम ९ प्रमाणे ती जप्त होत नाही, गहाण पडत नाही, कायद्याच्या जोरावर दुसऱ्या कोणाकडे जात नाही, आणि कर्जाशी तिची वळती करता येत नाही.

एक गोष्ट निक्षून सांगतो. नादारीच्या अर्जात दावा लपवू नये. लपवाछपवी सिद्ध झाली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पैसा आधीच पोराच्या नावावर फिरवला, तर दोन वर्षांच्या आतले असे व्यवहार न्यायालय रद्द करू शकते.

आता उलट बाजू. ज्याने धडक दिली तोच नादार झाला तर? न ठरलेली अपघात-भरपाई नादारीच्या देण्यांत धरली जात नाही. त्यामुळे तो इतर देण्यांतून मोकळा झाला तरी आपला हक्क त्याबरोबर संपत नाही. पण कफल्लकाकडून घ्यायचे काय? म्हणून विमा महत्त्वाचा. गाडीमालक नादार झाला तरी विमा कंपनीवरचा त्याचा हक्क जखमीकडे येतो, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यातच आहे. आपल्या ट्रॅक्टरचा, आणि ट्रॉलीचाही, विमा चालू आहे ना, हे हंगामाआधी पाहून घ्यावे. उद्या धडक देणारी गाडी आपलीही असू शकते.

दावा कोठे घालावा? अपघात घाटावर कोल्हापूर हद्दीत झाला तरी मालवणच्या किंवा वैभववाडीच्या रहिवाशाला ओरोसच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्यावर वाद झाले असले तरी आपण उशीर करू नये. फिर्यादीची प्रत, पंचनामा, दवाखान्याची बिले आणि उसाची व इतर उत्पन्नाची कागदपत्रे एका पिशवीत जपून ठेवावीत. वकील परवडत नसेल तर ओरोसलाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

थोडक्यात, आधी दावा, मग वकिलाला विचारून नादारीचा विचार. कर्ज फिटेल आज ना उद्या, पण गेलेली मुदत परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी