मोठ्या उद्योगसंस्थांतील ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षितता

ऑपरेटिंग सिस्टिममधील एखादे छिद्र उघडकीस आले आणि उत्पादक कंपनीने त्यावरील दुरुस्ती, म्हणजे पॅच, प्रसिद्ध केला की प्रश्न मिटला, अशी समजूत पुष्कळदा आढळते. एकट्यादुकट्या संगणकापुरती ती बव्हंशी खरी आहे. हजारो संगणक एका जाळ्यात गुंफणाऱ्या उद्योगसंस्थेत ती कशी अपुरी पडते, हे मर्स्क ह्या डॅनिश नौवहन कंपनीच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

दि. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या ह्या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्कचे जाळे ग्रासले. युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून, तेही त्याच्या नेहमीच्या सुधारणेचे रूप घेऊन, तो शिरला होता. विंडोजमधील ज्या छिद्रांचा त्याने उपयोग केला, त्यांवरील पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिला होता. तथापि केवळ पॅचने निभावले असते असे नाही. व्यवस्थापकाने एखाद्या संगणकावर काम केले की त्याची ओळखपत्रे त्या संगणकाच्या स्मृतीत काही काळ राहतात. नॉटपेट्या ती उचलीत असे आणि व्यवस्थापकाच्याच नेहमीच्या साधनांनी इतर संगणकांस आज्ञा देत असे. परिणामी पॅच बसविलेले संगणकही बळी पडत. धन्याच्या आवाजात आलेली आज्ञा पहारेकऱ्याने नाकारावी तरी कशी? हजारो यंत्रे मूठभर माणसांस सांभाळता यावीत म्हणून जो सर्वाधिकार निर्माण केला, तोच येथे घातक ठरला.

मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील ह्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांच्या अधिकारांची नोंदवही ठेवणारे सर्व्हर परस्परांच्या प्रती बाळगीत. त्यामुळे ती नोंदवही सुरक्षित मानली गेली होती. सगळे एकदम नष्ट होतील हे गृहीतच धरले नव्हते. घानामधील एक सर्व्हर तेवढा वाचला, आणि तोही वीज गेल्यामुळे!

ह्यावरील उपाय अज्ञात नाहीत. जाळ्याचे विभाग पाडावे, आणि सर्वाधिकाराचे खाते सामान्य संगणकावर कधीही वापरू नये. परंतु प्रत्येक विभागणीने रोजचे काम थोडे मंदावते. ती मंदगती तत्काळ दिसते. टळलेला अनर्थ दिसत नाही. खर्चास मंजुरी मिळविणाऱ्या अधिकाऱ्याची खरी अडचण हीच होय.

मग निदान पॅच तरी मिळताक्षणी सर्वत्र बसवावेत काय? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा-कंपनीने विंडोजच्या गाभ्यात काम करणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल पाठविली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले, आणि पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस बसवून ते सावरावे लागले. म्हणून नवी सुधारणा प्रथम थोड्या संगणकांवर पडताळून मग इतरत्र नेणे शहाणपणाचे. मात्र पॅच प्रसिद्ध होताच हल्लेखोरही तो उलगडून मूळ छिद्र शोधू लागतात. मार्च २०१७ च्या पॅचनंतर त्याच छिद्रातून वॉनाक्रायचा हल्ला झाला तो १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी. पडताळणी किती दिवस चालवावी हे ठरविताना संस्थेस हाच हिशेब मांडावा लागतो, आणि तो प्रत्येक पॅचगणिक निराळा असतो.