व्हॉल्व्हचा रेडिओ आणि दीड मीटर तार

जुना व्हॉल्व्ह रेडिओ एफएमवर खरखरायला लागला की दुकानात ठरलेला सल्ला मिळतो: आतलं सगळं काढा, ब्लूटूथचं सर्किट बसवा, शोभेला पेटी ठेवा. आमच्या घरच्या जर्मन सेटलाही हाच सल्ला मिळाला होता. माझं म्हणणं एवढंच, की पेटी रिकामी करण्याआधी एरियल पाहा.

पहिली गोष्ट, तुमच्या सेटवर एफएम आहे का? आपल्याकडे एफएम आलं 1977 साली, मद्रासला. तोवर व्हॉल्व्हचा जमाना सरला होता, म्हणून इथल्या बहुतेक जुन्या सेटांवर मध्यम आणि लघु लहरीच सापडतात. जर्मनीचं वेगळं. 1948 च्या कोपनहेगन परिषदेत त्यांच्या वाट्याला मध्यम लहरी थोड्याच आल्या, म्हणून 1949 पासून त्यांनी एफएम धरलं. त्यांच्या सेटांवर ‘यूकेडब्ल्यू’ लिहिलेलं असतं. ते म्हणजेच एफएम.

मात्र 1950 च्या दशकातल्या अशा सेटांचा काटा बहुधा 100 मेगाहर्ट्झला थांबतो, आणि आपला पट्टा 108 पर्यंत जातो. म्हणजे हैदराबादेत 91.1 आणि 98.3 मिळेल, पण आकाशवाणीचं 101.9 मिळणार नाही. हा बिघाड नव्हे.

आता एरियल. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे 3 मीटर. तिच्या निम्म्याहून किंचित कमी तार ती लहर छान पकडते. हिशेब सोपा आहे: 143 ला स्टेशनच्या मेगाहर्ट्झने भागा. 98.3 साठी 1.45 मीटर येतं. दूरदर्शनच्या काळात गच्चीवरून खाली यायची ती चपटी, दुपदरी वायर तेवढी कापा. प्रत्येक टोकाला तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा. मग मधोमध एकच तार कापा आणि त्या दोन टोकांपासून तशीच चपटी वायर सेटच्या मागच्या डायपोलच्या भोकांत न्या. हा डायपोल सुमारे 300 ओहमचा, सेटचं इनपुटही 240 ते 300 ओहमचं, म्हणून जोडी जमते. केबल टीव्हीची गोल वायर 75 ओहमची असते. ती लावायची तर मध्ये बॅलन हवा.

डायपोल खिडकीजवळ, उंच आणि स्टेशनच्या दिशेला आडवा धरा. मग उभाही धरून पाहा. इथे कान वापरा. उंच इमारतींवर आपटून तीच लहर थोडी उशिरा येते, आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. वीतभर सरकवलं तरी फरक पडतो. मोबाईलचा चार्जर आणि एलईडी दिवे दूर ठेवा.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत स्टेशन सरकतं. पंधराएक मिनिटं थांबा, मग हिरव्या डोळ्याकडे बघत काटा फिरवा; त्याच्या पट्ट्या सर्वांत जवळ आल्या की स्टेशन लागलं.

एक मात्र सांगून ठेवतो. मागचं झाकण उघडू नका. आत 250 व्होल्टच्या आसपास वीज असते, आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये राहू शकते. आतले स्क्रू पिळून रिसेप्शन सुधारत नाही, उलट जुळलेलं बिघडतं. एवढं करूनही खरखर राहिली तर व्हॉल्व्हची माहिती असलेल्या जाणकाराला दाखवा. तार कधीही बदलता येईल; एकदा कापून फेकलेलं आतलं यंत्र मात्र परत मिळणार नाही.