पद्मिनीचा धूर आणि चार नळ्या

औरंगपुऱ्याच्या गल्लीत जुनी प्रीमियर पद्मिनी आली की आधी तिचा आवाज येतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याला मुळात धूर बाहेर नेणारा बिडाचा आखूड मॅनिफोल्ड असतो. हौशी लोक तो काढून घरीच चार नळ्यांचा हेडर बनवतात. कशासाठी?

धुराची झडप उघडली की तप्त वायूचा दाबाचा धक्का नळीतून सुटतो. नळी जिथे रुंदावते तिथून कमी दाबाची लहर उलटी फिरते. झडप मिटायच्या आत ती परतली, तर उरलासुरला धूर ओढून काढते. सगळी करामत वेळेची. ४००० आरपीएमला अर्ध्या फेरीला ७.५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तापलेल्या वायूत ही लहर साधारण ४ मीटर जाते. म्हणून नळीची लांबी मनाला येईल तशी ठेवून चालत नाही.

ठिणगीचा क्रम १-३-४-२. त्यामुळे नळ्यांच्या १ व ४, २ व ३ अशा जोड्या लावल्या, की एकीचा धक्का दुसरीच्या आड येत नाही.

खरी कसोटी वेल्डिंगची. हेडर इंजिनाला जोडणारा फ्लँज तापला की वाकतो आणि मग गॅस्केट उडतं. म्हणून तो जाड पट्टीला घट्ट बोल्ट करूनच टाके मारावेत. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र नकोच, त्याचा धूर ताप आणतो. आणि सायलेन्सर काढून टाकणं? ती नुसती गोंगाटाची हौस!