बाडिगे किती आणि पाणी कुठलं?

दिवाळी आटोपली आणि डिचोलीहून बहिणीचा फोन आला. भाचीला बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली होती. पेढ्यांची गोष्ट नंतर, आधी प्रश्न, "अण्णा, हिला राहायला कुठं ठेवायची?"

प्रश्न साधा नव्हता. भावोजींचा टिपर खाणीवर चालायचा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तो अंगणात उभा राहिला आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या तेव्हा विकावा लागला. डिचोलीत २०२४ मध्ये खाणकाम परत सुरू झालं, पण तोवर टिपर गेला होता. त्या पैशातून उरलेली एक ठेव, एवढीच काय ती शिल्लक. बेंगळुरूत डिपॉझिटला 'अडव्हान्स' म्हणतात आणि तो पाच-सहा महिन्यांच्या भाड्याइतका सहज मागतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मांडलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा सुचवली आहे खरी, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. घरमालकापुढे त्याचा दाखला देऊन काही उपयोग होत नाही.

पूर्वी गोव्यातून पोट भरायला बाहेर पडणाऱ्याला हा प्रश्न पडत नसे. मुंबईत ख्रिस्ती गोमंतकीयांच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत तर अशा कितीतरी कुडी एकाच छपराखाली नांदत. जहाजावरचा खलाशी दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथं येई, भिंतीला आपली ट्रंक लावी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राही. हिंदू गोमंतकीयांचा ओढा गिरगावकडे. गोवा हिंदु असोसिएशन मुंबईत १९१९ सालीच उभी राहिली होती. गिरणगावात एकट्या कामगाराला ताट वाढणाऱ्या बायका होत्या. त्यांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणणाऱ्या प्रेमाताई पुरव याही मूळच्या गोव्याच्याच, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. तेव्हा वस्ती निवडावी लागत नसे. गाववाला जिथं, तिथं आपण. जागा चार हात, पण आजारी पडलं तर गावी निरोप पोचायचा.

बेंगळुरूत डिचोलीची कूड नाही. तिथं आता ब्रोकरच्या मोबाइलवरचे फोटो आहेत. भाची आणि तिची पेडण्याची मैत्रीण, दोघींनी असेच फोटो पाहून सर्जापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला एक फ्लॅट जवळजवळ पक्का केला होता. तीन खोल्या, एकवीस हजार भाडं. धारवाडची आणखी एक मुलगी मिळाली होती, म्हणजे माणशी सात हजार. "आज टोकन टाका, नाहीतर उद्या जाईल," असा ब्रोकरचा धोशा. बहीण पैसे पाठवायच्या बेतात होती. मी म्हटलं, दोन दिवस थांब, मी जाऊन बघतो.

मुलींना घेऊन मी तिथं गेलो तो मुद्दाम रात्री आठ वाजता. फोटोतला फ्लॅट खोटा नव्हता, चांगलाच होता. पण बस थांब्यापासून गेटपर्यंत पाऊण किलोमीटर रस्त्याला दिवा नाही. कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला होता. त्याला कन्नडमध्ये विचारलं, "नीरु यावदु? कावेरीना, बोरा?" तो हसला, "टँकरु, सार." मग माझे हेल ऐकून म्हणाला, "नीवु हुब्बळ्ळी कडेयवरा?" बेळगाव म्हटल्यावर त्याने स्टूल पुढे केलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यातली टँकरची हकिगत सांगितली. ब्रोकर मात्र पाण्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. आपल्या घरातल्या दुसऱ्या भाषेचा असा उपयोग होतो. भाची आजोळी येऊन आजीशी कन्नड बोलायची तेव्हा डिचोलीत तिला हसत.

तिथून ऑफिसला दोन बस आणि उशीर झाला तर रिक्षा. कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसमधून बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकच्या रहिवाशांना. म्हणजे धारवाडची मुलगी फुकट जाणार आणि गोव्याच्या आधार कार्डाच्या दोघी तिकीट काढणार! भाडं, बस, रिक्षा, पाण्याचा वेगळा आकार सगळं मांडलं तेव्हा सातचे साडेनऊ हजार झाले. शिवाय रोजचे तीन तास.

भाचीच्या मनात कोरमंगला होतं. नाव मोठं, भाडंही मोठं. तो विषय तिथंच संपला.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरूत मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, सोळा स्टेशनं. तो इलेक्ट्रॉनिक सिटीवरूनच जातो. आम्ही त्या मार्गावर उतरत, चढत एक आख्खा दिवस घालवला. सिंगसंद्रला 'मने बाडिगेगे इदे' अशी पाटी दिसली. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, वाटेत औषधाचं दुकान, मेस आणि उशिरापर्यंत उघडा किराणा. तिथून तिसरं स्टेशन इलेक्ट्रॉनिक सिटी. भाडं तीस हजार, कावेरीचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोअर. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर.

अडलं ते मासळीवर. मालकीणबाई शाकाहारी, धारवाडची मुलगीही शाकाहारी. पेडण्याची मुलगी बांगड्याशिवाय रविवार कल्पू शकत नाही. मला वाटलं, गेला फ्लॅट. पण मुलींनीच आपसात ठरवलं. घरात मासे शिजणार नाहीत, बाहेर जाऊन खायचे, आणि धारवाडची मुलगी त्याबद्दल नाक मुरडणार नाही. हे बोलणं अडव्हान्स देण्याआधी झालं ते बरं. नंतर झालं असतं तर तिघींपैकी एक निघून गेली असती आणि तिच्या वाट्याचं भाडं दोघींच्या गळ्यात पडलं असतं. करार तिघींच्याही नावावर करून घेतला, तोही याचसाठी.

पाच महिन्यांचा अडव्हान्स दीड लाख, माणशी पन्नास हजार. भावोजींनी ठेव मोडली. पावती मी मालकीणबाईंकडून लिहून घेतली, रंगकामाचे किती कापणार ते आकड्यासकट. बाईंना ते थोडं लागलं असावं, पण त्यांनी सही केली.

करार अकरा महिन्यांचा आहे. तो संपला की भाडं वाढणार, तेव्हा पुन्हा हिशेब मांडायचा आहे. परवा भाचीचा फोन आला. धारवाडच्या मुलीने घरून ज्वारीच्या कडक भाकरी आणल्या होत्या आणि पेडण्याच्या मुलीला त्या चावत नव्हत्या. "मामा, आज्जीला विचारून सांग ना, या कशात भिजवायच्या?"