फ्रेंच भाषा : एक पदवी-विषय

महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलानें वा मुलीनें "मी फ्रेंच हा मुख्य विषय घेणार" असें सांगितलें, कीं घरांतील वडील मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "त्याचा उपयोग काय ?" प्रश्न रास्त आहे. मुलांच्या उमेदीचीं तीन-चार वर्षें त्यांत खर्ची पडावयाचीं असतात. म्हणून या अभ्यासाचें स्वरूप काय, तें आज पाहूं.

भाषावर्गांत जाऊन फ्रेंच बोलूं लागणें निराळें आणि त्या भाषेची पदवी घेणें निराळें. वर्गांतील प्रगति ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांनीं मोजतात. पदवीसाठीं मात्र व्याकरण, वाङ्मय, इतिहास, समाजजीवन व अनुवाद हीं सर्व अंगें अभ्यासावीं लागतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत असा अभ्यासक्रम चालतो.

भाषेपुरतें पाहिलें तर मराठी विद्यार्थ्याला ती वाटते तितकी परकी नाहीं. आपण 'मोठा' व 'मोठी' म्हणतों, तसें फ्रेंचमध्यें 'ग्राँ' व 'ग्राँद' होतें. आपल्या 'तूं' आणि 'तुम्ही' यांचा भेद तेथें 'त्यू' आणि 'वू' असा जसाच्या तसा भेटतो. ऐंशीला फ्रेंच मनुष्य 'चार विसा' म्हणतो. आपल्याकडील जुनीं माणसेंही विसांनींच मोजीत. अडचण आहे ती लेखनाची. 'पुष्कळ' या अर्थाचा 'बोकू' हा शब्द लिहितांना आठ अक्षरें लागतात आणि उच्चारांत ध्वनि चारच उरतात ! येथें पाठांतर व श्रवण यांवांचून गत्यंतर नाहीं.

आतां संस्कृतीचें अंग. १५३९ च्या राजाज्ञेनें फ्रान्समध्यें कायद्याच्या कागदपत्रांत लॅटिनच्या जागीं फ्रेंच आली. १६३५ सालीं भाषेची देखरेख करणारी फ्रेंच अकादमी स्थापन झाली. पण ही केवळ पॅरिसची कथा नव्हे. साम्राज्याबरोबर ही भाषा आफ्रिकेंत गेली, आणि १९८३ सालीं सेनेगालचे कवि व पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांची त्याच अकादमीवर निवड झाली. जेत्यांची भाषा जितांनीं आपलीशी कशी केली, हा प्रश्न इंग्रजी शिकलेल्या आपणांस चांगलाच ओळखीचा आहे.

मराठीवरही या भाषेचें ऋण आहे. मराठीच्या घडणीचा शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें लिहिला. पुढें तो मराठींतही उतरला. गी दलरी यांनीं तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्यें नेले, ते १९५६ सालीं प्रसिद्ध झाले. मूळ मराठीवरून थेट फ्रेंचमध्यें असें काम करणारीं माणसें थोडीं आहेत. तें आपल्या मुलांनीं हातीं घेण्याजोगें आहे.

राहिला उपयोगाचा प्रश्न. अनुवाद, अध्यापन, पर्यटन, परदेशी पेढ्यांचा पत्रव्यवहार हीं क्षेत्रें आहेत; परंतु नुसतें प्रमाणपत्र तेथें पुरत नाहीं. फ्रान्समधील पुष्कळ विद्यापीठें प्रवेशासाठीं बी-२ ही चौथी पायरी मागतात. तेव्हां पालकांनीं दोन गोष्टी पाहाव्या : मूल रोज तासभर मोठ्यानें वाचण्यास तयार आहे काय, आणि भाषेच्या जोडीला दुसरी एखादी विद्या तें शिकणार आहे काय. दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला खुशाल जाऊं द्यावें. उत्तर नकारार्थी असेल, तर आधीं सहा महिने भाषावर्गांत घालून त्याची गोडी पारखावी, आणि मगच पदवीचा निर्णय करावा.