पानांवरून प्राचीन हवामानाचा बोध

तापमापकाचा उपयोग माणूस गेल्या सुमारे चारशे वर्षांपासूनच करू लागला. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीचे हवामान कसे समजते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारल्यावाचून राहत नाही. त्याचे एक उत्तर वनस्पतींच्या अवशेषांत आहे. प्राणी जागा बदलू शकतो. वृक्षास मात्र जेथे तो रुजला तेथेच ऊन, पाऊस व थंडी सोसावी लागते. म्हणून त्याच्या रचनेत त्या स्थळाच्या हवामानाचा ठसा उमटतो.

गाळात गाडलेल्या पानांचे ठसे खडकात राहतात; खोडात खनिजद्रव्ये झिरपून त्याचा दगड बनतो. 1915 साली बेली व सिनॉट या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, उष्ण व दमट प्रदेशांतील बहुतेक वृक्षांच्या पानांची कडा अखंड असते, तर थंड प्रदेशांत दातेरी पानांचे वृक्ष अधिक आढळतात. पुढे पूर्व आशियातील वनांच्या अभ्यासावरून असे दिसले की, शंभर जातींमागे अखंड कडेच्या जाती दहांनी वाढल्या, तर वार्षिक सरासरी तापमान सुमारे 3 अंश सेल्सियसने अधिक असते. अर्थात एकट्या पानावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी अनेक जाती लागतात.

दुसरी रीत जिवंत आप्तांची होय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरांवर थर पसरले. दोन थरांमधील विश्रांतीच्या काळात तळी साचली व झाडे वाढली. वर्धा जिल्ह्यातील नवरगाव येथे अशा थरांत ताडवर्गीय वृक्षांची अश्मीभूत खोडे सापडली आहेत. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे नीपा या ताडवर्गीय वनस्पतीची फळे मिळाली. त्यांचा अभ्यास डॉ. बिरबल साहनी यांनी केला. आजचा नीपा सुंदरबनासारख्या उष्ण भागात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. यावरून, आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या भूमीजवळ त्या काळी खाडीचे पाणी होते व कडक थंडी नव्हती, असे अनुमान निघते.

वर्गात हा पाठ साहित्याविना शिकविता येतो. मुलांनी परिसरातील झाडांची प्रत्येकी एक पान आणावे. आंबा, वड, फणस यांची अखंड पाने एका बाजूस व बोर, कडुनिंब यांची दातेरी पाने दुसऱ्या बाजूस मांडून जाती मोजाव्यात. गावातील पुष्कळ झाडे लावलेली असल्याने या मोजणीवरून तापमान काढू नये. मोजण्याची रीत तेवढी समजावी.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. दगड झालेले लाकूड किंवा पानाचा ठसा आढळल्यास मुलांनी तो शाळेत उचलून आणू नये. तो कोणत्या थरात होता हे कळेनासे झाले की, त्याची निम्मी साक्ष नाहीशी होते. स्थळ, दिनांक व रेखाचित्र वहीत टिपावे आणि वस्तू जागीच राहू द्यावी. कोट्यवधी वर्षे टिकलेली नोंद एका दुपारच्या कुतूहलाने पुसली जाऊ नये, हे शिकविणे हाही विज्ञानाचाच पाठ होय.